खडीचा रस्ता कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात तीन दिवस मी तिलारीच्या खोऱ्यात सायकलवरून हिंडलो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हा उद्योग कशासाठी, असे घरच्यांनी विचारले आणि ते योग्यच होते. माझ्या तीन माजी विद्यार्थ्यांचा आग्रह, हे त्याचे निमित्त. त्यांपैकी एक शाळामास्तर आहे, दुसरा पुण्यात अभियंता, तर तिसऱ्याचे बेळगावात सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. हे तिघेही ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाच्या नव्या प्रकारच्या सायकली चालवितात. शर्यतीच्या सायकलीसारखे बाकदार हँडल, पण टायर चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, ब्रेक चकतीचे आणि चढासाठी हलके गिअर, अशी तिची रचना असते. डांबरी सडक सोडून खडीच्या, मुरमाच्या आणि जंगलातील गाडीवाटेच्या रस्त्यांनी दूरवर जाण्यासाठी ती घडविलेली आहे. या छंदाचा उगम अमेरिकेतील व युरोपातील ग्रामीण रस्त्यांवरचा; अलीकडे आपल्याकडील शहरी मध्यमवर्गातही तो रुजू लागला आहे. माझी स्वतःची सायकल मात्र साधी, पंधरा वर्षांची जुनी. चढ आला की मी उतरून चालत असे, आणि मुले पुढे जाऊन माझी वाट पाहत असत.

पक्षाच्या साप्ताहिकात सायकल-सहलीचे काय प्रयोजन, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. जिच्या किमतीत एका शेतमजूर कुटुंबाचे वर्ष निघावे अशी सायकल घेऊन हौशी माणसे डोंगरात हिंडतात, त्याच्याशी आपल्या चळवळीचा संबंध काय? ही शंका मलाही प्रवास सुरू होण्यापूर्वी होती. ती पूर्णतः फिटली असे मी म्हणणार नाही. परंतु त्या तीन दिवसांत रस्ता या वस्तूविषयी जो विचार करावा लागला, तो कार्यकर्त्यांपुढे मांडण्याजोगा वाटतो, म्हणून हा लेख.

बेळगावहून निघून शिनोळीपाशी आम्ही कर्नाटकाची हद्द ओलांडली. पाटणे फाट्यावरून हेरे आणि तेथून तिलारीनगर गाठले. हा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता; राज्य पुनर्रचनेच्या वेळी तो कोल्हापूरला जोडला गेला. तिलारीनगरच्या पुढे सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि घाटाची तीव्र वळणे घेत रस्ता कोकणात उतरतो. खाली दोडामार्ग तालुका, आणि दोडामार्गाला लागूनच गोव्याची हद्द. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही हद्द आंतरराष्ट्रीय होती. पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. ज्या नदीच्या काठाने आम्ही चाललो ती तिलारी घाटमाथ्यावर उगम पावते आणि गोव्यात शापोरा या नावाने समुद्राला मिळते. एका लहानशा नदीच्या परिसरात तीन राज्यांची प्रशासने, दोन-तीन भाषा आणि त्यांच्या बोली नांदतात.

सायकलस्वाराला या सीमा जाणवत नाहीत. नाक्यावर त्याला कोणी अडवीत नाही, कारण त्याच्याजवळ जकात घेण्यासारखे काही नसते. येथल्या रहिवाशाला मात्र सीमा पावलोपावली जाणवते. तिलारीचे धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० साली उभय राज्यांत करार झाला. खर्चाचा सुमारे ७३ टक्के भार गोव्याने उचलावयाचा आणि पाण्याचा मोठा वाटाही त्यानेच घ्यावयाचा, असे ठरले. शिरंगे, सरगवे, आयनोडे, पाट्ये, केंद्रे आदी गावे बुडितात गेली ती मात्र महाराष्ट्रातली. विस्थापित कुटुंबांना नोकरीचे आश्वासन मिळाले, त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, आणि अखेर नोकरीऐवजी एकरकमी रकमेवर तडजोड झाली. पाणी सीमेपलीकडे जाते. तरुण मुले रोजगारासाठी सीमेपलीकडे जातात. आजारी माणसेही बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात सीमेपलीकडेच जातात. आणि २०१८ साली गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन उभे राहिले. पाण्याला जो परवाना सहज मिळाला तो रुग्णाला मागावा लागला, हे या सीमेचे अर्थशास्त्र होय.

आता खडीविषयी. माझ्या तरुण सोबत्यांना खडीच्या रस्त्याचे मोठे प्रेम. चाकाखाली खडी करकरली की त्यांचे चेहरे उजळतात. मोटारींची वर्दळ नाही, धूर नाही, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्येच एखादा व्हाळ, त्यावर साकव. या आनंदात खोटे काही नाही. तो मीही घेतला. परंतु खडीचा आवाज ऐकला की मला दुसरेच काही आठवते. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. जत तालुक्यातील आमच्या गावाबाहेर सरकारी काम निघाले होते आणि माझी आई इतर बायांबरोबर तेथे खडी फोडीत होती. हातोडीच्या घावाने उडालेली कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून ती मान एका बाजूला वळवून घाव घाली. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोचली होती. त्याच अनुभवातून रोजगार हमीची कल्पना कायद्यापर्यंत पोचली आणि १९७७ साली महाराष्ट्राने तसा कायदा केला. महाराष्ट्रातील कितीतरी ग्रामीण रस्त्यांच्या तळाशी अशा बायांचे श्रम आहेत. खडीचा रस्ता निसर्गाने दिलेला नसतो, तो कोणीतरी घडविलेला असतो, एवढे भान त्यावरून जाणाऱ्याने ठेवावे, ही माझी पहिली अपेक्षा.

दुसरी गोष्ट मला एका चहाच्या दुकानात शिकावयास मिळाली. धरणाच्या खालच्या अंगाला एका वाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आम्ही थांबलो होतो. मुले त्या रस्त्याची तारीफ करीत होती. बाकावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग ते म्हणाले, “तुमका ह्यो रस्तो बरो वाटता. पावसात बाळंतणीक दवाखान्यात न्हेवक लागला, मगे तुमका कळात.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण मुले गप्प झाली आणि मीही. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून लागला की तोच सुंदर मुरूम चिखल होतो. जी वस्तू आमच्या दृष्टीने निवड होती ती त्यांच्या दृष्टीने सक्ती होती. अर्थशास्त्राच्या वर्गात मी तीस वर्षे ‘पसंती’ या संकल्पनेवर व्याख्याने दिली. पर्याय नसलेल्या माणसाच्या वर्तनाला पसंती म्हणता येत नाही, हे इतक्या थोड्या शब्दांत मला कधी सांगता आले नव्हते.

यावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, खडीच्या रस्त्यांचे कौतुक ही पोट भरलेल्यांची चैन आहे आणि सगळे रस्ते डांबरी करावेत. आपल्यातील अनेक कार्यकर्ते हेच म्हणतील. परंतु दुसऱ्या दिवशी जे घडले त्यामुळे मी या निष्कर्षापाशी थांबू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका जुन्या वाटेने आम्ही पुढच्या वाडीकडे निघालो होतो. नकाशात वाट स्पष्ट दिसत होती. पाणंद होती, दोन्ही अंगांना जुने गडगे होते. एका वळणावर लोखंडी फाटक आडवे आले. पलीकडे नव्याने लावलेली रबराची झाडे ओळीने उभी होती आणि फाटकावर ‘खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद’ अशी पाटी होती. राखणदाराने नम्रपणे सांगितले की, मालक बाहेरगावी असतात आणि कोणालाही सोडण्याची परवानगी नाही. आम्ही परत फिरलो. आमचे नुकसान एवढेच की अर्धा तास जास्त लागला. पण परतताना लाकडाची मोळी घेतलेल्या दोन बाया भेटल्या. पूर्वी त्या याच वाटेने जात. आता रोज मोठा वळसा घालतात. तक्रार केली का, असे विचारता, “कोणाकडे करायची?” असा प्रतिप्रश्न आला. जमीन विकली गेली तेव्हा त्यातून जाणारी वाटही विकली गेली, अशी त्यांची समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे. कायद्याने वाट अशी विकली जात नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये शेताच्या बांधावरून रस्ता देण्याची तरतूद आहे. त्याच संहितेच्या कलम १६५ मध्ये ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या नोंदीची व्यवस्था आहे. खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या, पाण्याच्या आणि मासेमारीच्या गावातील रूढ हक्कांची नोंद तिच्यात व्हावी, अशी कल्पना आहे. कायदा आहे, पण त्याचा वापर करावयाचा तर तहसील कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात, वकील लागतो, मजुरी बुडते. ज्याची वाट अडविली गेली त्याच्यापाशी हे काही नसते, आणि ज्याने ती अडविली त्याच्यापाशी हे सर्व असते.

येथे मला इंग्लंडमधील कामगार चळवळीच्या एका पर्वाचे स्मरण होते. १८९४ साली बर्मिंगहॅममध्ये समाजवादी तरुणांनी एक सायकल क्लब काढला आणि ‘क्लॅरियन’ या समाजवादी वृत्तपत्रावरून त्याला नाव दिले. रविवारी सायकली घेऊन हे तरुण खेडोपाडी जात, पत्रके वाटीत, सभा घेत. गिरण्या-कारखान्यांतील मजुराला शहराबाहेरची मोकळी हवा त्या सायकलीने दिली. पण बाहेर पडल्यावर त्याच्या असे ध्यानात आले की, डोंगर आणि माळ हे जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले आहेत. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या डोंगरावर मँचेस्टर परिसरातील कामगारांनी सामुदायिक प्रवेश-सत्याग्रहच केला म्हणा ना. त्याचा तरुण पुढारी बेनी रॉथमन त्या दिवशी पोलिसांना चुकवीत सायकलवरून तेथे पोचला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने कायदा करून जुन्या पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले, आणि १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क मान्य केला. हौशी माणसाची वाट आणि गरजू माणसाची वाट एकच असू शकते, आणि दोघांनी मिळून ती राखता येते, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

दुसरे उदाहरण इटलीचे. टस्कनी प्रांतातील पांढऱ्या मातीचे जुने रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, या हेतूने १९९७ साली तेथील लोकांनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. आज हजारो माणसे त्या फेरीसाठी जातात, आणि २००७ पासून त्याच परिसरातील रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही होते. ज्या रस्त्यांना मागासलेपणाचे लक्षण समजले जात होते ते त्या भागाची संपत्ती ठरले. मात्र इटलीचा दाखला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथील शेतकऱ्याच्या घरापर्यंत रुग्णवाहिका पोचण्याची सोय आहे. आपल्या वाडीची ती सोय होण्याआधी रस्त्याच्या सौंदर्याची गोष्ट तिला सांगणे, हा निर्लज्जपणा होईल.

म्हणून मला असे वाटते की, रस्त्यांचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत. वाडी, शाळा, दवाखाना, बाजार यांना जोडणारा जो रस्ता तो बारमाही पक्का झालाच पाहिजे आणि त्यावरून एस.टी. धावलीच पाहिजे. यात तडजोड नाही. परंतु कालव्याकाठचे देखभालीचे रस्ते, शेतात जाणाऱ्या पाणंदी, देवराईच्या कडेच्या वाटा, जुने घाटमार्ग यांना डांबराची गरज नसते. त्यांना गरज असते ती चर खणण्याची, मोरी बांधण्याची, दरवर्षी मुरूम पसरण्याची आणि मुख्य म्हणजे त्या खुल्या राहण्याची. या कामात यंत्रापेक्षा माणसाच्या हाताला अधिक वाव आहे. राज्य सरकारने २०२१ साली शेत आणि पाणंद रस्त्यांची जी योजना आखली, तिची सांगड रोजगार हमीशी घातली होती, ती दिशा योग्य होती. प्रश्न असतो तो मागणी नोंदविणारी ग्रामसभा जागी आहे की नाही, याचा. डांबराचा ठेका बाहेरच्या ठेकेदाराला जातो. मुरमाच्या रस्त्याची मजुरी गावात राहते, हा हिशेब आपण गावकऱ्यांपुढे मांडला पाहिजे.

सायकलस्वारांच्या येण्याने गावाला उत्पन्न मिळेल, असे माझे विद्यार्थी सांगतात. ते खरे आहे. आम्ही दोन रात्री ज्या घरात राहिलो त्या घरच्या बाईला आमच्यापासून चार पैसे मिळाले, आणि आम्हांला उत्तम जेवण. पण पर्यटनाचा पैसा कोणाच्या खिशात स्थिरावतो, हे गोव्याच्या किनाऱ्यावर आपण पाहिलेले आहे. पहिल्या दहा वर्षांत घरगुती खाणावळी येतात, पुढील दहा वर्षांत भांडवल येते, आणि मग किनाऱ्यावर जाण्याच्या वाटेलाही फाटक लागते. हे येथे टाळावयाचे असेल, तर बचत गट आणि सहकारी संस्था यांच्या हाती हा व्यवहार आरंभापासूनच असला पाहिजे. तसेच हे खोरे नाजूक आहे. कर्नाटकातून २००२ साली हत्ती येथे आले आणि तेव्हापासून माड, केळी आणि भात यांची नासाडी शेतकरी सोसत आहेत. २०२० साली जंगलाचा काही भाग तिलारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. जुलै २०२१ मध्ये कळणे येथील खाणीचा बांध फुटून चिखल घरांत आणि बागांत शिरला. पुढे २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्याबाबत आदेश दिला. अशा ठिकाणी हौशी माणसांनी झुंडीने आणि अवेळी जाऊ नये, हे सांगणेही आपले काम आहे.

सायकल या वाहनाकडे आपल्या राज्यकर्त्यांनी कसे पाहिले, याचाही उल्लेख केला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. मोटार असलेली कुटुंबे त्या मानाने अगदी थोडी होती. तरीही २०१९ पासून बॅटरीवरच्या मोटारीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आणि सायकलवर १२ टक्के, अशी व्यवस्था सहा वर्षे चालली; सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलचा कर ५ टक्क्यांवर आला तेव्हा ही विसंगती संपली. ज्यांना त्या कराचा भार सोसावा लागला, त्यांत लाखाच्या सायकलीवरून फिरणारे हौशी थोडे आणि दूधवाले, गवंडी, शाळकरी मुले अधिक होती.

परतीच्या दिवशी माझ्या शाळामास्तर विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग आम्ही इथे यायचे की नाही?” मी म्हटले, अवश्य यावे, पण येताना काही काम घेऊन यावे. तुमच्या हातातील यंत्रात प्रत्येक वाटेची नोंद आपोआप होते. जी वाट चालू आहे तिची नोंद करा, जी अडविली आहे तिचीही करा, जागा आणि तारीख लिहा, जमल्यास फाटकाचे छायाचित्र घ्या, आणि ते सर्व गावच्या ग्रामसभेच्या हाती द्या. त्यांनी ते मान्य केले आहे. आम्हांला अडविणाऱ्या त्या फाटकाची नोंद पहिली झाली.

आता दुसरी बाजू आपल्या कार्यकर्त्यांची. दोडामार्ग, चंदगड आणि सावंतवाडी या तालुक्यांतील साथींनी प्रत्येक गावाचा नकाशा तहसील कचेरीतून मिळवावा, वृद्धांना बरोबर घेऊन जुन्या वाटा चालून पाहाव्यात, ग्रामसभेत ठराव करून त्यांची यादी मंजूर करावी, आणि जेथे अडथळा आहे तेथे १९०६ च्या कायद्याखाली दावा दाखल करावा. एका बाईला एकटीने तहसीलात जाणे जमणार नाही. वाडीतील वीस बायांबरोबर एक कार्यकर्ता गेला तर जमेल. त्याच ग्रामसभेत वाडीच्या बारमाही रस्त्याची आणि एस.टी.ची मागणीही नोंदवावी, नाहीतर त्या चहाच्या दुकानातील गृहस्थांना आपण तोंड दाखवू शकणार नाही. पावसाळ्यापूर्वी हे काम सुरू व्हावे. पाऊस लागला की वाटा झाडोऱ्यात बुडतात, आणि जी वाट एक-दोन वर्षे कोणी चालत नाही ती पुढे होती हेही सिद्ध करणे कठीण होते.